टोरांटोच्या आसपास नवं घर घेतलंय? रॅकून आणि इतर वन्य शेजाऱ्यांसोबत कसं राहायचं

अपार्टमेंट सोडून ब्रॅम्प्टन, मिसिसॉगा, स्कारबरो, मार्कम अशा ठिकाणी पहिल्यांदा बॅकयार्डवाल्या घरात आलेल्या मराठी कुटुंबांच्या तक्रारी साधारण एकाच क्रमाने येतात. आधी ग्रीन बिन (ओल्या कचऱ्याचा डबा) आडवी पडलेली सापडते. मग हौसेने लावलेला मका एका रात्रीत भुईसपाट होतो. सप्टेंबरात लॉन उकरलेलं दिसतं, आणि पुढच्या वसंतात बेडरूमच्या वर ॲटिकमध्ये, म्हणजे छताखालच्या माळ्यात, कुणीतरी चालल्याचा आवाज येतो. तोवर ओळखीतल्या कुणीतरी सल्ला दिलेला असतो, "पिंजरा लाव, पकड आणि गाडीत घालून लांब जंगलात सोडून ये." हा सल्ला ऐकू नका. तो प्राण्याच्या जिवावर बेततो, कायद्यात बसत नाही आणि त्याने प्रश्नही सुटत नाही.

मी इथे ऑन्टारियोपुरतं लिहिते आहे. न्यू जर्सी किंवा शिकागोकडच्या वाचकांनाही बहुतेक प्राणी हेच भेटतील, पण नियम त्यांच्या राज्याचे बघावे लागतील.

सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच समज आहे. रॅकून तुमच्या घरावर चालून येत नाही. त्याला खाणं आणि पिल्लांसाठी कोरडी, उबदार जागा हवी असते, आणि आपली घरं या दोन्ही गोष्टी सहज देतात. एकाला हाकललं तर त्या जागेवर दुसरा येतो. म्हणून जे काही काम करायचं ते घरावर करायचं, प्राण्यावर नाही. आणि ते त्याच्या ऋतूप्रमाणे करायचं, आपल्याला सुट्टी कधी आहे त्याप्रमाणे नाही.

आधी त्याची ओळख करून घ्या

मोठा रॅकून साधारण 5 ते 12 किलोचा असतो. थंडीच्या तोंडावर चरबी चढली की त्याहून जड. डोळ्यांभोवतीचा काळा पट्टा आणि शेपटीवरची कडी यामुळे तो लगेच ओळखू येतो. पण बघण्यासारखे असतात ते त्याचे पुढचे पंजे. पाच लांब बोटं आणि टोकाशी स्पर्श कळणारे बारीक केस. बॅकयार्डात पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं असेल तर कधी रात्री खिडकीतून शांतपणे बघा. तो दोन्ही हात पाण्यात घालतो, नजर भलतीकडेच असते आणि बोटं पाण्यात चाचपत राहतात. ओल्या बोटांना स्पर्श जास्त कळतो. हाताला लागलेली वस्तू खायची की नाही हे तो हातानेच ठरवतो. हेच हात बिनचं झाकण, शेडची कडी आणि सैल झालेली शिंगल (छतावरचं आच्छादन) चाचपून बघतात. मागचे पाय उलटे वळवता येत असल्यामुळे भिंतीवरून किंवा झाडावरून तो डोकं खाली करून उतरतो. चार इंचांची फट त्याला पुरते.

यॉर्क युनिव्हर्सिटीतल्या सुझन मॅकडोनल्ड यांनी टोरांटोतल्या रॅकूनना जीपीएस पट्टे लावून अभ्यास केला. हे प्राणी मोठे रस्ते ओलांडायचं शक्यतो टाळतात आणि आपल्या काही गल्ल्यांच्या टापूतच राहतात, असं त्यात दिसलं. म्हणजे तुमच्याकडे येणारा रॅकून बहुधा रोजचाच असतो. त्याला तुमच्या गल्लीतला बिनचा वार माहीत असतो, कुणाच्या डेकखाली जागा आहे तेही माहीत असतं. अशा प्राण्याला वीस किलोमीटर लांब सोडलं की त्याला तिथे ना पाणी ठाऊक, ना निवारा, आणि तिथले रॅकून त्याला टिकू देत नाहीत. मादी असेल तर मागे पिल्लं उपाशी मरतात. ऑन्टारियोच्या नियमाप्रमाणे पकडलेला प्राणी 24 तासांच्या आत आणि पकडल्या जागेपासून 1 किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो, त्याला हीच कारणं आहेत. आजार एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ नये, हेही एक कारण.

पायरी पहिली: घराला एक फेरी मारा

घराचा ताबा मिळाला की पहिल्याच आठवड्यात दिवसाउजेडी घराभोवती सावकाश फिरा आणि फोनवर फोटो काढत चला. वर बघा: छताच्या कडेचे कोपरे, जिथे दोन उतार भिंतीला मिळतात, प्लास्टिकचे रूफ व्हेंट, जाळी नसलेली चिमणी, छतावर टेकलेल्या फांद्या. खाली बघा: डेक, पोर्च आणि शेडच्या खालची मोकळी जागा, बेसमेंटच्या खिडकीसमोरचे खड्डे, गराजच्या दाराखालचं झिजलेलं रबर. चिखलाच्या पंजांचे ठसे पाण्याच्या पाइपवर किंवा भिंतीच्या कोपऱ्यावर दिसले तर तोच त्याचा जिना आहे असं समजा.

एकाच जागी साठलेली विष्ठाही शोधा. रॅकून ठरलेल्या जागीच शौचाला जातात: सपाट छपरावर, डेकच्या कोपऱ्यात, लाकडाच्या ढिगावर किंवा मोठ्या झाडाच्या बुंध्याशी. ती दिसली तर हात लावू नका, झाडूही मारू नका. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

पायरी दुसरी: ग्रीन बिन

टोरांटो शहराने 2016 पासून फिरवायच्या कुलपाची नवी ग्रीन बिन घरोघर दिली. या साऱ्या योजनेवर सुमारे 3 कोटी 10 लाख डॉलर खर्च झाले. बिनचे नमुने आधी रॅकूनसमोर ठेवून तपासले होते. झाकण नीट बसलेलं आणि कुलूप पूर्ण फिरवलेलं असेल तर बहुतेक रॅकून हार मानतात. अडचण होते ती आपण बिन गच्च भरतो तेव्हा. झाकण अर्धा इंच वर राहिलं की कुलूप लागलेलं दिसतं, पण लागलेलं नसतं. बिन पाडून, उताराचा फायदा घेऊन ती उघडणारे रॅकूनही आहेत. म्हणून ती भिंतीला टेकवून, शक्यतो गराजमध्ये किंवा शेडमध्ये ठेवा आणि उचलण्याच्या दिवशी सकाळी सातच्या आत बाहेर काढा. आदल्या रात्री काढू नका. बाकीच्या शहरांत बिनचा नमुना वेगळा असतो. तिथे बंजी कॉर्डने झाकण बांधणारी घरं खूप दिसतात, पण गाडी यायच्या आधी ती कॉर्ड सोडायला विसरू नका.

आपल्या स्वयंपाकघरासाठी एक खास सूचना. सुरमईची डोकी, कोळंबीची टरफलं, चिकनची हाडं थेट बिनमध्ये न टाकता पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि उचलण्याच्या सकाळीच बिनमध्ये घाला. उन्हाळ्यात आठवडाभर मासळीचा वास दाबून ठेवेल असं कुठलंच कुलूप नाही. या एका सवयीने निम्मी कटकट कमी होते, असं मी खात्रीने सांगते.

कंपोस्टचा डबा बागेत ठेवला असेल तर त्यात शिजवलेलं अन्न, तूप-तेल, दही, मांस घालू नका. भाज्यांची देठं, साली, चहाची पूड, सुकी पानं एवढंच. डब्याच्या तळाला अर्ध्या इंची जाळी लावा, म्हणजे उंदीरही खालून येणार नाहीत.

पायरी तिसरी: बाहेर अन्न ठेवणं बंद

हे सांगताना मला अवघड वाटतं, कारण बाहेर घास ठेवणं आपल्याकडे धर्मात, मायेत आणि वाढण्याच्या पद्धतीतच आहे. पितृपक्षात कावळ्यासाठी पान, उरलेली पोळी चिमण्यांना, गच्चीवर मूठभर तांदूळ, "मुक्या जिवाला पोटभर मिळू दे" ही भावना. ती खोटी नाही. पण इथे डेकवर ठेवलेलं पान संध्याकाळी रॅकून नाहीतर स्कंक (दुर्गंधी फवारणारा मांजराएवढा प्राणी) खातो. पितृपक्ष येतो सप्टेंबरच्या सुमाराला, नेमका हे प्राणी थंडीसाठी चरबी साठवत असतात तेव्हा. एकदा तिथे अन्न मिळालं की तो रोज त्या वेळी येतो, पुढे दारापर्यंत येतो, मग पिल्लांना घेऊन येतो. माणसाची भीती गेलेल्या प्राण्याचा शेवट इथे सहसा वाईट होतो.

टोरांटोत एप्रिल 2023 पासून वन्य प्राण्यांना खाऊ घालण्यावर बंदी आहे, स्वतःच्या आवारातसुद्धा. गाणाऱ्या पक्ष्यांच्या फीडरला सवलत आहे, पण तो टांगलेला आणि स्वच्छ हवा, आणि खाली दाण्यांचा सडा पडून इतर प्राणी येता कामा नयेत. तुमचं शहर वेगळं असेल तर तिथला बायलॉ (नगरपालिकेचा नियम) बघून घ्या.

आमच्या घरी श्राद्धाच्या दिवशी पान देवासमोर ठेवतो आणि शिधा काढून फूड बँकेत नेऊन देतो. आईला आधी हे पटेना. आता त्या दिवशी पिशवी तीच भरते. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना या गोष्टी आल्या आल्याच समजावून सांगा, कारण दुपारी घरी तेच असतात आणि खारीला शेंगदाणे घालायला त्यांनाच आवडतं.

बाकीचं थोडक्यात: कुत्र्या-मांजराचं ताट रात्री आत घ्या, बार्बेक्यूची जाळी आणि तेलाचा ट्रे त्याच रात्री धुवा, झाडाखाली पडलेली सफरचंदं आणि पेअर रोज उचला. मांजरासाठी दाराला झडप असेल तर ती रात्री बंद करा. तिच्यातून रॅकूनही आत येतो.

पायरी चौथी: छत, ॲटिक आणि डेकखालची जागा

या पायरीवर चूक झाली तर हजारो डॉलर जातात आणि पिल्लं मरतात, म्हणून इथे जरा थांबून वाचा.

रॅकूनची मादी साधारण मार्च ते मे या काळात विते. तीन ते पाच पिल्लं असतात, डोळे मिटलेली. पहिले आठ-दहा आठवडे ती बिळातच असतात. बीळ म्हणजे मूळचं झाडाची ढोली. शहरात ॲटिक, चिमणी, शेडखालची जागा. छतावर रात्री जड पावलं वाजतात आणि दिवसा वरून किलबिलीसारखा, कधी कण्हल्यासारखा बारीक आवाज येतो, तेव्हा वर बाळंतीण आहे असंच धरून चाला. कोकणात कौलांवर कांडेचोर ऐकलेल्यांना पावलांचा आवाज ओळखीचा वाटेल. पिल्लांचा आवाज मात्र एकदा ऐकला की विसरत नाही.

मार्चपासून जुलैपर्यंत कुठलंही भोक बुजवू नका. आई बाहेर आणि पिल्लं आत अशी ताटातूट झाली तर ती मादी आत शिरण्यासाठी शिंगल, प्लायवुड, ॲल्युमिनियम जे मध्ये येईल ते फाडते. नाही जमलं तर पिल्लं आत मरतात आणि तो वास घरात राहतो.

घाई नसेल तर थांबणं हा सगळ्यात सोपा मार्ग. उन्हाळा सरता सरता पिल्लं आईसोबत बाहेर हिंडू लागतात आणि ती जागा सोडतात. थांबणं शक्य नसेल तर तिला तिथे राहणं नकोसं करा. ॲटिकच्या झडपेजवळ दिवसभर रेडिओवर बोलण्याचा कार्यक्रम आणि झगझगीत दिवा लावून ठेवा. तिला आसपासच्या दोन-तीन जागा माहीत असतात. शांतता गेली की ती एकेका पिल्लाला मानेला धरून दुसरीकडे नेते. त्यासाठी तिला दोन-तीन रात्री द्या आणि या काळात कुत्रा रात्री बाहेर सोडू नका.

जागा रिकामी झाली का हे बघायला भोकात वर्तमानपत्राचे बोळे सैलसर कोंबा. दोन-तीन रात्री ते जागचे हलले नाहीत तर आत कुणी नाही. ही परीक्षा कडाक्याच्या थंडीत लागू पडत नाही, कारण बर्फाच्या दिवसांत रॅकून आठवडेच्या आठवडे बिळाबाहेर पडत नाहीत.

बुजवायला फोम, पातळ कोंबड्यांची जाळी किंवा प्लास्टिक उपयोगाचं नाही. अर्धा इंच छिद्राची, जाड, गॅल्व्हनाइज्ड, वेल्ड केलेली जाळी घ्या आणि ती स्क्रू-वॉशरने लाकडावर घट्ट बसवा. प्लास्टिकच्या रूफ व्हेंटवर लोखंडी पिंजरा बसवता येतो. चिमणीला टोपी लावा. फांद्या छतापासून दोन-तीन मीटर मागे छाटा. डेकभोवती जाळी लावताना ती जमिनीत फूटभर खाली न्या आणि तळाशी काटकोनात बाहेरच्या बाजूला फूटभर वळवा. खणणारा प्राणी कडेलाच खणतो, जाळी लागली की थांबतो. मागे सरकून खणावं हे त्याला सुचत नाही. या कामाला ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा सगळ्यात चांगला काळ.

स्वतः शिडीवर चढू नका. व्यावसायिक बोलावताना तीन गोष्टी विचारा: एकतर्फी दार लावता का? त्यातून प्राणी बाहेर पडतो, परत येऊ शकत नाही. पिल्लं असतील तर ती आधी हाताने काढून आईला नेता येतील अशी बाहेर ठेवता का? बुजवलेल्या जागेची लेखी हमी किती वर्षांची? "पकडून लांब नेऊन सोडतो" असं कुणी म्हणालं तर त्याला नाही म्हणा. डांबरगोळ्या, अमोनिया, तिखटाची पूड यांवर पैसे घालवू नका. डांबरगोळ्यांची वाफ ॲटिकमधून खाली तुमच्याच मुलांच्या खोलीत येते.

घर भाड्याचं असेल तर दुरुस्तीची जबाबदारी घरमालकाची आहे. तोंडी सांगून थांबू नका. फोटो जोडून ईमेल करा आणि तारीख राहू द्या.

पायरी पाचवी: भाजी आणि लॉन

मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीपर्यंत बाहेर रोपं लावू नका असं इथे सगळे सांगतात, ते थंडीसाठी. प्राण्यांसाठीचा हिशोब त्याआधीच करावा लागतो, कारण कुंपण रोपांच्या आधी उभं राहायला हवं.

मेथी, कोथिंबीर, वाल, मटार यांचे कोवळे कोंब ससे खातात. दोन फूट उंच, एक इंचाहून लहान छिद्राची जाळी वाफ्याभोवती लावा आणि खालचे चार-सहा इंच मातीत दाबा. सशाला एवढं पुरतं. खार मात्र चढते. टोमॅटोला ती एक चावा घेऊन सोडून देते, बरेचदा पाण्यासाठी. फळ रंग धरू लागलं की तोडून घरात पिकवा. कंद लावायचे असतील तर ट्युलिपऐवजी डॅफोडिल लावा, खारी त्यांना तोंड लावत नाहीत.

मका लावणार असाल तर मन घट्ट करा. कणीस दुधात आलं, म्हणजे नख लावल्यावर पांढरा चीक आला, की नेमकी तीच रात्र रॅकून निवडतो. तो ताट आडवं पाडतो, कणसाची सालं सोलतो, थोडं खातो आणि पुढच्या ताटाकडे वळतो. याला एकच भरवशाचा उपाय आहे: जमिनीपासून सहा इंचांवर आणि बारा इंचांवर अशा दोन विजेच्या तारा, बागेसाठी मिळणाऱ्या कमी शक्तीच्या यंत्रावर. पण शहरी वस्तीत विजेच्या कुंपणाला बऱ्याच नगरपालिकांची मनाई असते. आधी विचारा, आणि परवानगी नसेल तर मका शेतकरी बाजारातून आणा.

आता लॉन. सप्टेंबरात सकाळी बाहेर बघावं तर हिरवळ कुणीतरी सतरंजी गुंडाळावी तशी गुंडाळून ठेवलेली असते. हे काम रॅकूनचं. स्कंक गुंडाळत नाही, तो नाकाने छोटे शंकूसारखे खड्डे पाडतो. दोघेही शोधतात ते हुमणीच्या अळ्या: पांढऱ्या, इंग्रजी सीच्या आकाराच्या, मातीखाली गवताची मुळं खाणाऱ्या. महाराष्ट्रात उसाला हुमणी लागलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. इथे युरोपियन चाफर, जून बीटल, जपानी बीटल अशा भुंग्यांच्या त्या अळ्या असतात. एक चौरस फूट हिरवळ उचलून मोजा. पाच-दहाहून जास्त निघाल्या तर खरं दुखणं तिथे आहे, आणि उकरणारा प्राणी तुम्हाला ते दाखवून देतो आहे.

ऑन्टारियोत घरच्या बागेत शोभेसाठी रासायनिक कीटकनाशकं वापरायला 22 एप्रिल 2009 पासून बंदी आहे. त्यामुळे उपाय म्हणजे नेमाटोड, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूत्रकृमी. त्या बागेच्या दुकानात फ्रिजमध्ये मिळतात. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, ऊन उतरल्यावर, जमीन आधी भिजवून, पाण्यात मिसळून द्या आणि पुढचे काही दिवस माती ओली ठेवा. उन्हात दिल्या तर त्या मरतात आणि पैसे वाया जातात. गुंडाळलेली हिरवळ तशीच उलगडून पायाने दाबा आणि पाणी घाला. त्याच दिवशी केलंत तर ती पुन्हा धरते.

स्कंक समोर आला तर

स्कंकची नजर कमजोर असते, आणि तो आधी इशारा देतो: पुढचे पाय जमिनीवर आपटतो, शेपटी उभी करतो. इतकं दिसलं की हळू मागे सरका, ओरडू नका. फवारा तीन-चार मीटर सहज जातो. रात्री कुत्र्याला बाहेर सोडायच्या आधी अंगणातला दिवा लावा आणि दार दोन-तीनदा वाजवा. बहुतेक अपघात तेवढ्याने टळतात.

कुत्र्यावर फवारा बसलाच तर टोमॅटोच्या रसाने काही होत नाही. एक लिटर 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड (औषधाच्या दुकानात मिळतं), पाव कप बेकिंग सोडा, एक-दोन चमचे भांड्यांचा लिक्विड साबण हे उघड्या भांड्यात मिसळा. लगेच, फसफसत असतानाच, हातमोजे घालून केसांत चोळा, डोळे वाचवा, पाच मिनिटांनी धुऊन टाका. उरलेलं ओतून द्या. बाटलीत भरून झाकण लावलं तर ती फुटते.

बेसमेंटच्या खिडकीसमोरच्या खड्ड्यात स्कंक पडलेला दिसला तर त्याला वर येता येत नाही. एक खरबरीत फळी उताराने आत सोडा आणि घरात जा. रात्री तो आपला आपण निघून जातो.

कायोटी, ससे, रॉबिन

कायोटी (लांडग्याच्या कुळातला, कुत्र्यासारखा प्राणी) दिवसा दिसला म्हणून तो पिसाळलेला आहे असं नाही. पळू नका, पाठ दाखवू नका. हात वर करून मोठे दिसा, मोठ्याने ओरडा, सावकाश मागे या. लहान मूल आणि छोटा कुत्रा उचलून घ्या. कुत्र्याला लांब सुटणाऱ्या दोरीऐवजी आखूड पट्ट्यावर फिरवा, जानेवारी-फेब्रुवारीत तर नक्कीच; तो त्यांचा मिलनाचा काळ.

लॉन कापायच्या आधी मे-जूनमध्ये गवतात नजर टाका. वाळलेलं गवत आणि करडी लव यांनी झाकलेला हाताच्या पंजाएवढा खड्डा म्हणजे सशाच्या पिल्लांचं घर. आई दिवसभर जवळ फिरकत नाही, पहाटे आणि संध्याकाळी थोडाच वेळ दूध पाजून जाते. त्यामुळे ती पिल्लं पोरकी नसतात. खात्री करायची असेल तर वर दोन काड्यांची फुली ठेवा. सकाळी हललेली असली तर आई येऊन गेली. साधारण तीन आठवड्यांत घरटं रिकामं होतं, तेवढा चौकोन कापायचा राहू द्या.

दाराच्या दिव्यावर रॉबिन पक्ष्याने घरटं केलं तर निळी अंडी हलवू नका. स्थलांतरित पक्ष्यांच्या घरट्यांना 1994 च्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे. महिन्याभरात पिल्लं उडतात. तोवर गराजच्या दाराने ये-जा करा. मुलांना खिडकीतून रोज बघू द्या. शाळेत शिकवून मिळत नाही ते इथे दिसतं.

आजारांबद्दल घाबरून न जाता

रॅकूनच्या विष्ठेत गोलकृमीची अंडी असू शकतात. क्वचित, पण ती पोटात गेली तर लहान मुलांच्या मेंदूला आणि डोळ्यांना गंभीर इजा होते. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधत नाहीत. त्यांना दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून दिसली की लवकर साफ करा: हातमोजे, एन-95 मास्क, आधी पाणी शिंपडून ओलं करा म्हणजे धूळ उडणार नाही, दुहेरी पिशवीत भरा आणि त्या जागी उकळतं पाणी ओता. ब्लीचने ही अंडी मरत नाहीत. मुलांचा वाळूचा हौद झाकून ठेवा.

रात्रीचा प्राणी दिवसा दिसला की रेबीज असं आपण धरून चालतो. दूध पाजणारी मादी भुकेमुळे दिवसाही फिरते. काळजी करायची ती चाल बघून: तोल जाणं, गोल गोल फिरणं, माणसाची अजिबात दखल नसणं. अशा अनेक रॅकूनना डिस्टेंपर हा विषाणूचा आजार झालेला असतो. तो माणसाला होत नाही, पण लस न दिलेल्या कुत्र्याला होतो. मात्र रेबीज आहेच. डिसेंबर 2015 मध्ये हॅमिल्टनला रॅकूनमध्ये तो पुन्हा आढळला, आणि तेव्हापासून प्रांताकडून लसीची आमिषं टाकली जातात. बागेत खाकी-हिरवी छोटी पुडी सापडली तर ती तिथेच राहू द्या.

वटवाघळाची गोष्ट सगळ्यात गंभीर घ्या. त्याच्या चाव्याची खूण कधी दिसतही नाही. 2024 मध्ये ऑन्टारियोत वटवाघळाच्या संपर्कातून एका मुलाचा रेबीजने मृत्यू झाला. प्रांतात लागण होऊन रेबीज झाल्याची ही 1967 नंतरची पहिली घटना. झोपलेल्या माणसाच्या खोलीत वटवाघूळ सापडलं तर ते सोडून देऊ नका, दार बंद करा आणि पब्लिक हेल्थला फोन करा. कुठल्याही वन्य प्राण्याने चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. थेट इमर्जन्सीत जा. लस इथे मोफत मिळते.

कुणाला सांगायचं

टोरांटोत 311 वर फोन केला की आजारी, जखमी किंवा मेलेल्या प्राण्याची नोंद होते; बाकीच्या शहरांत ॲनिमल सर्व्हिसेसचा क्रमांक वेगळा असतो, तो आजच फ्रिजवर लावून ठेवा. जखमी किंवा खरोखर पोरक्या पिल्लासाठी टोरांटो वाइल्डलाइफ सेंटर आहे. वसंतात तिथली लाइन खूप व्यग्र असते, म्हणून फोन करायच्या आधी दुरून फोटो काढा, जागा आणि वेळ लिहून ठेवा. त्यांचं उत्तर येईपर्यंत पिल्लाला दूध, पाणी, काही पाजू नका. भोवती मुलं, कुत्री, मांजरं येणार नाहीत एवढं बघा. आणि आई रात्री परत येण्याची शक्यता असते, म्हणून पिल्लू जखमी नसेल तर ते सापडलं तिथेच राहू द्या.